तिजोरी आटली की कात्री वस्तीवरच का चालते?

"सध्या निधी नाही." आपल्या वस्त्यांनी हे वाक्य ग्रामपंचायतीत ऐकले आहे, नगरपालिकेत ऐकले आहे, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात ऐकले आहे. गटार का झाले नाही? निधी नाही. वस्तीचा रस्ता का थांबला? निधी नाही. सफाई कामगारांचा पगार तीन महिने का नाही? वरून अनुदान आलेले नाही. आपला कार्यकर्ता हे ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या मार्चची वाट बघत घरी येतो. निधी नसेल तर साहेब तरी काय करणार, असे त्याला वाटते.

मित्रांनो, हे वाटणेच मोडून काढले पाहिजे. मंदी आली की सरकारचे उत्पन्न घटते, हे खरे आहे. पण घटलेल्या उत्पन्नात कोणते काम चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, हे कोणीतरी खुर्चीत बसून ठरवते. कर्ज काढायचे की नाही, काढले तर कशासाठी, आणि ते कोणाच्या करातून फेडायचे, हेही कोणीतरी ठरवते. ज्या समाजात खुर्च्या जातीने वाटल्या गेल्या आहेत, तिथे हा निर्णय जातीपासून अलिप्त राहू शकत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की मंदीतला खर्च आणि सरकारी कर्ज हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोडून देण्याचा विषय नाही. तो अॅट्रॉसिटीइतकाच आपल्या चळवळीचा विषय आहे.

२०२० मध्ये काय झाले ते आठवा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचे सकल उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी कोसळल्याचे सरकारच्याच पहिल्या अंदाजाने सांगितले. नाका कामगार घरी बसला, घरकाम करणाऱ्या बायांना सोसायट्यांनी गेटवरून परत पाठवले. शहरातून चालत गावी निघालेल्या माणसांत आपले किती होते, हे वेगळे सांगायला नको.

अशा वेळी सरकारने काय करायला हवे? मंदीत खासगी मालक हात आखडता घेतो. त्याच वेळी सरकारनेही हात आखडला, तर मजुराला काम मिळत नाही, दुकानात गिऱ्हाईक येत नाही आणि सरकारला करही मिळत नाही. मंदी आणखी खोल जाते. म्हणून अशा काळात सरकारने कर्ज काढून का होईना, खर्च वाढवावा, हे १९३० च्या जागतिक मंदीपासून जगाने शिकलेले साधे शहाणपण आहे.

महाराष्ट्र सरकारने ४ मे २०२० रोजी नेमके उलटे केले. वित्त विभागाने शासन निर्णय काढला की विकासकामांसाठी अर्थसंकल्पात मंजूर झालेल्या रकमेपैकी फक्त ३३ टक्के निधी मिळेल. म्हणजे ६७ टक्क्यांवर कात्री. नवीन कामे नाहीत, नवीन भरती नाही. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा मोजक्या विभागांना प्राधान्य दिले गेले. महामारीत ते द्यायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या प्राधान्याच्या यादीत सामाजिक न्याय विभाग नव्हता. ज्यांच्या घरात एक दिवसाची मजुरी बुडाली की चूल थंड होते, त्यांच्यासाठीचा विभाग 'नंतर बघू' या रकान्यात गेला.

त्या वेळी राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते आणि आपल्यातल्या अनेकांना ते जवळचे वाटत होते. म्हणून त्या निर्णयावर आपल्याकडून हवा तेवढा आवाज उठला नाही. सरकार कोणाचे आहे हे बघून कात्रीकडे डोळेझाक करायची असेल, तर मग कात्री कायमच चालणार.

ओझे खाली सरकते, पैसा वर राहतो

पण राज्य सरकारवर ही वेळ का आली, तेही समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपण अर्ध्यावरच भांडत बसू.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. राज्यांनी आपले कर लावण्याचे बरेचसे अधिकार सोडले. बदल्यात केंद्राने पाच वर्षांसाठी दरसाल १४ टक्के वाढ धरून भरपाई देण्याचे कायद्याने वचन दिले. मंदी आली आणि ऑगस्ट २०२० च्या जीएसटी परिषदेत केंद्रीय अर्थमंत्र्यांनी ही परिस्थिती म्हणजे देवाची करणी असल्याचे सांगितले. २ लाख ३५ हजार कोटींची तूट दाखवून राज्यांपुढे पर्याय ठेवला तो कर्ज काढण्याचा. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये केंद्राने राज्यांच्या वतीने १ लाख १० हजार कोटींचे कर्ज उचलण्याचे मान्य केले. वचन केंद्राचे, पण ते पाळायची पाळी आली तेव्हा देव मध्ये आणला गेला.

त्याच वर्षी राज्यांची कर्ज काढण्याची मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आली. ऐकायला बरे वाटते. पण त्यातला फक्त अर्धा टक्का विनाअट होता. बाकीच्याला अटी होत्या, आणि त्यातली एक थेट शहरांतल्या गरिबांशी संबंधित होती. नगरपालिका-महापालिकांनी मालमत्ता कराचे किमान दर जमिनीच्या सरकारी भावाशी जोडून ठरवावेत आणि पाणी, मलनिस्सारण यांचे शुल्क खर्चाला धरून आकारावे, तर राज्याला पाव टक्का जास्त कर्ज मिळेल. श्रीमंताच्या टॉवरवर मालमत्ता कर वाढवायला आपला विरोध असण्याचे कारण नाही. पण पाण्याचे आणि सांडपाण्याचे शुल्क वाढवा ही अट लोकांची कमाई बंद असताना घातली गेली, हे विसरू नका.

आता साखळी बघा. दिल्लीने ओझे मुंबईवर टाकले. मुंबईने ते महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींवर टाकले. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावांना थेट मिळत होता, तर २०२१ मध्ये राज्य सरकारने पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकीत वीजबिले त्यातूनच भरायला सांगितली. सरपंचांनी आरडाओरडा केला, पण गावोगावी दिव्यांची वीज तोडली जात होती. ग्रामपंचायतीने मग काय केले? ज्या कामामागे कोणी दांडगा उभा नव्हता, ते काम थांबवले. गावात दांडगा कोणामागे उभा असतो आणि कोणामागे नसतो, हे वाचकाला माहीत आहे.

हा प्रकार नवा नाही. तो सर्वात आधी आणि सर्वात नेमकेपणाने ज्याने मांडला तो माणूस आपलाच आहे. बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.चा हा प्रबंध, आणि त्याला प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. १८५७ नंतर साम्राज्य सरकारची तिजोरी तुटीत गेली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने शिक्षण, पोलीस, तुरुंग, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवली, पण त्यांच्यावर होत असलेल्या खर्चाइतकी रक्कम दिली नाही. कमी पडेल ते स्थानिक कर लावून उभे करा, असे सांगितले. वर याला नाव दिले विकेंद्रीकरणाचे. या विकेंद्रीकरणामागे प्रांतांना स्वातंत्र्य देण्याची उदारता नव्हती, केंद्रीय तिजोरीची अडचण होती, हे बाबासाहेबांनी हिशेबाच्या वह्या उलगडून दाखवले. दीडशे वर्षांनी जबाबदारी खाली आणि पैसा वर, ही रीत तशीच आहे. आपण बाबासाहेबांच्या जयंतीला या ग्रंथाचे नाव फ्लेक्सवर छापतो. त्यातला हा धागा मात्र ग्रामसभेत वापरत नाही.

हात बांधलेली 'स्वराज्य' संस्था

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले, बाराव्यात नगरपालिकांसाठी १८. दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे कल्याण हा अकराव्या अनुसूचीतला विषय आहे. झोपडपट्टी सुधारणा हा बाराव्या अनुसूचीतला. कागदावर सगळे आहे.

पैशाचे काय? महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचा जकात कर १९९९ मध्ये गेला. महापालिकांची जकात जाऊन एलबीटी आला, तो व्यापाऱ्यांच्या दबावाखाली ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश रद्द झाला. शेवटी मुंबईची जकातही जीएसटीत गेली. आज बहुतेक शहरे राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. हप्ता लांबला की आधी कोणाचा पगार अडतो? आयुक्तांचा नाही. ठेकेदाराकडे असलेल्या झाडूवाल्याचा.

कर्जाचेही तसेच. संविधानाच्या कलम २९३ प्रमाणे केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला केंद्राच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही. स्थानिक संस्थेला राज्याची परवानगी लागते. १९१४ चा ब्रिटिशांचा स्थानिक संस्था कर्ज कायदा अजून इतिहासजमा झालेला नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे बाजारात विकले, मोठा गाजावाजा झाला. पण रोखे त्या शहराचे विकले जातात ज्याच्याकडे आधीच पैसा आहे. मराठवाड्यातल्या नगरपरिषदेचे किंवा विदर्भातल्या ग्रामपंचायतीचे रोखे कोण घेणार? म्हणजे ज्याला गरज सर्वात जास्त, त्याला कर्जाचे दार बंद.

त्यात २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. निवडून आलेली संस्था नसेल तर वित्त आयोगाचे अनुदान अडते, ते अडले. सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगावे लागले. या काळात राखीव वॉर्डातून निवडून आलेली आपली बाई किंवा आपला माणूस सभागृहात उभा राहून 'आमच्या वस्तीचे पैसे कुठे गेले' असे विचारायला नव्हता.

अंथरूण कोणाचे, पाय कोणाचे

कर्जाचा विषय काढला की आपल्याकडे एक म्हण तोंडावर फेकली जाते: अंथरूण पाहून पाय पसरावे. सरकार म्हणजे एक घर, घराने उधळेपणा करू नये, कर्ज वाईट. आपल्या समाजाला हे पटकन पटते, कारण आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराचे कर्ज पाहिले आहे. अंगठा एकदा उमटला की पिढी गहाण पडायची.

पण सावकाराचे कर्ज आणि सरकारचे कर्ज यात फरक आहे. आपला आजोबा काम बंद झाल्यावर स्वतःचे उत्पन्न वाढवू शकत नव्हता. सरकार मंदीत खर्च करते तेव्हा तो खर्च कोणाची तरी मजुरी होतो, मजुरीतून खरेदी होते आणि त्यातला काही भाग कर म्हणून परत तिजोरीत येतो. दुसरे म्हणजे, आजोबाने कर्ज काढले ते पोटासाठी किंवा लग्नासाठी. सरकारने कर्ज काढून जलवाहिनी टाकली, शाळा बांधली, तर ती पुढची चाळीस वर्षे कामाला येते. आणि अंथरुणाचीच गोष्ट काढायची, तर ज्यांना अंथरूणच मिळाले नाही त्यांना पाय आखडा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

याचा सर्वात चांगला दाखला महाराष्ट्रातलाच आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा सरकारने हात आखडले नाहीत. लाखो मजुरांना दुष्काळी कामांवर घेतले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर वाढली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या आणि व्यावसायिकाच्या खिशातून थोडे घेऊन गावातल्या मजुराच्या हाताला काम दिले. १९७७ मध्ये कायदा झाला. भूमिहीन दलित मजुराला गावच्या पाटलाच्या शेताशिवाय दुसरा पर्याय मिळाला. पाटलाच्या बांधावर 'परवडत नसेल तर जा' हे ऐकून खरोखर जाता येऊ लागले. या योजनेत भ्रष्टाचार झाला, हजेरीपट खोटे झाले, तरी तिने मजुराचा कणा थोडा ताठ केला. पुढे २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला. २०२०-२१ मध्ये गावी परतलेल्या मजुरांना त्याच कायद्याने तारले. केंद्राला ६१,५०० कोटींच्या तरतुदीवर आणखी ४०,००० कोटी घालावे लागले.

केरळचेही उदाहरण घ्या. महाराष्ट्रापेक्षा कर्जाचा भार मोठा, तरी मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने २० हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. पंचायतींनी कुटुंबश्रीच्या बायांना घेऊन गावोगावी सामूहिक स्वयंपाकघरे चालवली. हे करता आले, कारण १९९६ पासून तिथे योजनेच्या पैशाचा मोठा हिस्सा पंचायतींच्या हातात दिला गेला होता.

याचा अर्थ कर्ज म्हणजे सगळे चांगलेच, असा नाही. कर्जावर व्याज द्यावे लागते. ते व्याज आपण माचिसच्या पेटीवर आणि साबणाच्या वडीवर भरलेल्या करातूनही जाते. म्हणून कर्ज कशासाठी, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार महाराष्ट्रावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार आहे. आकडा ऐकून छाती दडपते, पण राज्याच्या उत्पन्नाशी तुलना केली तर ते १९ टक्क्यांच्या आत आहे, आणि आर्थिक शिस्तीची ठरलेली मर्यादा २५ टक्क्यांची आहे. म्हणजे राज्य बुडालेले नाही. महामार्गांसाठी कर्ज काढताना कोणी अंथरुणाची म्हण काढत नाही. ती म्हण वस्तीच्या गटाराची फाईल टेबलावर आली की आठवते.

महाडचा खरा हिशेब

आपल्या चळवळीसाठी सार्वजनिक खर्चाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर महाडमध्ये आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. त्याचा आधार काय होता? सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी पिऊन तो अमलात आणला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयात सनातन्यांचा दावा होता की तळे खासगी आहे. खासगी म्हटले की आपला हक्क संपतो, हे त्यांना बरोबर कळत होते. १९३७ मध्ये उच्च न्यायालयात ते हरले.

सार्वजनिक म्हटले की आपल्याला हक्क सांगता येतो. खासगी म्हटले की मेहरबानी मागावी लागते. म्हणून सार्वजनिक खर्च जितका आकसतो, तितका आपला हक्क सांगण्याचा परिसर आकसतो. पाटलाकडे स्वतःची बोअर आहे, कॉलनीवाल्यांकडे टँकर आणि आरओ आहे, त्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात. नगरपालिकेचा नळ बंद पडला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक भरले नाहीत, तर त्यांचे काही अडत नाही. आपले सगळेच अडते. सर्वांवर सारखीच काटकसर लावली असे सरकार म्हणते तेव्हा ते खोटे असते ते या अर्थाने.

'पण बाबासाहेब तर पंचायतीच्या विरोधात होते'

काही मित्र म्हणतील की बाबासाहेबांचा गावावर विश्वास नव्हता. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर आणि १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी गावगाड्यावर कठोर टीका केली. मग आपण स्थानिक संस्थांना जास्त पैसा द्या असे का म्हणावे? तो पैसा गावातले दांडगेच खाणार.

आक्षेप खरा आहे. मी ज्या गावांत काम करतो तिथे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचा मागासवर्गीयांसाठी राखीव १५ टक्के निधी बहुतेक वेळा खुर्च्या, सतरंज्या, नाहीतर गावाच्या वेशीवरच्या हायमास्ट दिव्यावर खर्ची पडलेला दिसतो. वस्तीत पेव्हर ब्लॉक बसतात, खालचे गटार तुंबलेलेच असते. पण यावरचा बाबासाहेबांचा उपाय काय होता? १९३२ मध्ये त्यांनी गावाला अधिकार देताना अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी मागितली. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अर्थरचनेची हमी संविधानातच लिहून मागितली, म्हणजे ती उद्याच्या बहुमताच्या मर्जीवर राहणार नाही. आपलीही मागणी तीच हवी. पैसा खाली यावा, पण हक्काच्या कुलपासकट यावा. ग्रामपंचायतीचे १५ टक्के, जिल्हा परिषदेच्या सेसमधले २० टक्के, अनुसूचित जाती उपयोजनेचा लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा, या सगळ्यावर हात घालायला कायद्याने बंदी हवी.

आज ती बंदी नाही, म्हणूनच २०२५ मध्ये जे झाले ते होऊ शकले. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२० मध्ये आघाडी होती, २०२५ मध्ये महायुती आहे. खुर्चीवरचे पक्ष बदलले, कात्री तीच राहिली.

इथे एक सापळा आहे, त्यात पडू नका. लाडक्या बहिणींमध्ये आपल्या आया-बहिणी लाखोंनी आहेत आणि पंधराशे रुपये त्यांच्या हातात येतात त्याचे मोल आहे. आपले भांडण त्या बहिणीशी नाही. तिच्या मुलाच्या वसतिगृहाचे आणि तिच्या वस्तीच्या नळाचे पैसे काढून तिलाच दिले, याच्याशी आहे. एका गरिबाच्या खिशातून काढून दुसऱ्या गरिबाला द्यायचे आणि दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचे, हा खेळ ओळखा.

कायदा केला की प्रश्न सुटला, असेही नाही. अविभाजित आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये उपयोजनेचे कायदे केले. कर्नाटकच्या कायद्यात कलम ७(ड)ची पळवाट होती. सर्वांसाठीच्या कामातला काही खर्च अनुसूचित जातींच्या नावावर दाखवता येत असे. आंदोलने झाली, २०२३ मध्ये ते कलम काढावे लागले, तरी उपयोजनेचा पैसा हमी योजनांकडे नेल्याचा वाद तिथे चालूच आहे. पण तिथे कार्यकर्त्याच्या हातात निदान कायद्याचे पुस्तक आहे. आपल्या हातात फक्त निवेदन आहे.

पैसा असतानाही

निधी नाही हे कारण किती खोटे असू शकते, ते मुंबईत बघा. मार्च २०२२ च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या मुदत ठेवी ९० हजार कोटींच्या पुढे होत्या. त्यातला काही भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा, ठेकेदारांच्या अनामत रकमेचा, हे मान्य. तरीही देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले आणि २०१७ मध्ये न्याय मिळाला. हे कामगार बहुतेक कोणत्या समाजाचे, हे लाड-पागे समिती नेमण्याची वेळ आली तेव्हापासून सरकारला ठाऊक आहे. मंदी असो की तेजी, झाडूचे काम कंत्राटावरच. मंदी फक्त एक नवे निमित्त देते.

आता काय करायचे

भाषण पुरे. पुढची मंदी येईल तेव्हा आपण हातात कागद घेऊन उभे असलो पाहिजे.

पहिले, आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा अर्थसंकल्प मागा. १५ टक्के निधीची मागच्या पाच वर्षांची जमा, खर्च आणि अखर्चित शिल्लक माहिती अधिकारात घ्या. ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवायला लावा.

दुसरे, अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेच्या कायद्याची मागणी निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे ठेवा, आपल्या पक्षाच्याही. त्या कायद्यात तीन गोष्टी हव्यात: निधी वळवता येणार नाही, अखर्चित निधी पुढच्या वर्षी जमा होईल आणि वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल.

तिसरे, मंदीच्या वर्षात सर्वात आधी वाचवायच्या खर्चाची यादी कायद्यात लिहून मागा: पाणी, मलनिस्सारण, शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती, सफाई कामगारांचा पगार. कात्री चालवायचीच असेल तर ती जाहिराती, सुशोभीकरण आणि प्रवेशकमानींपासून सुरू होऊ द्या.

चौथे, लहान नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना पाणी-गटारासारख्या कामांसाठी राज्याच्या हमीवर स्वस्त दराने कर्ज मिळावे आणि त्याची परतफेड गरिबाची पाणीपट्टी वाढवून होऊ नये.

पाचवे, प्रत्येक तालुक्यात निदान दोन मुलामुलींना अर्थसंकल्प वाचायला शिकवा. बी.कॉम. झालेली, एमपीएससी करणारी आपली किती मुले आहेत! जयंतीच्या मिरवणुकीत जसे ढोलपथक असते, तसे वस्तीत एक हिशेबपथक असू द्या. बाबासाहेब विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाच्या वह्या तपासत बसले होते. आपल्याला निदान आपल्या ग्रामपंचायतीची वही तपासता आली पाहिजे.

आणि पुढच्या वेळी कोणी 'निधी नाही' म्हणाला, तर मान डोलावून घरी येऊ नका. समोरच्या खुर्चीत बसा आणि विचारा: आला किती होता, गेला कुठे, आणि कोणाच्या सहीने?

जय भीम!